ठेंगण्या घराण्यास प्राधान्य

मुकादम विकला गेला. चांगल्या घरी गेला, वेळेवर गेला, आणि निरोप देताना कोणीही रडलं नाही. एका माणसाच्या डोळ्यांतून थोडं पाणी आलं, पण त्याने गवताची अ‍ॅलर्जी असल्याचं जाहीर केलं आणि उपस्थितांनी ते एकमताने मान्य केलं.

आता हे सगळं विसरून जायचं. असं काही अजून घडलेलंच नाही. मुकादम तबेल्यात आपल्या जागी उभा आहे, मागचा एक पाय सैल सोडून, पोट पुढे काढून, आणि शेजारच्या घोडीला खरारा नीट होतोय की नाही यावर नजर ठेवून आहे. मास्तरांना तुम्ही "काय मग, कधी विकताय?" असं विचारलंत तर ते "काय?" म्हणतील. पुन्हा विचारलंत तर "कोण?" म्हणतील. तिसऱ्यांदा विचारलंत तर तुमच्या कोटाकडे बघून "उजव्या खांद्यात झोळ पडलाय, कोणी शिवला हा?" असं विचारतील, आणि मग तुम्ही आपला खांदा चाचपत घरी जाल.

मुकादम हे तट्टू. स्पर्धेचं तट्टू. रंग भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावाचा, उंची मास्तरांच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणापर्यंत, स्वभाव नावाप्रमाणे. अडथळ्यांवरून उड्या मारायच्या स्पर्धेत, लहान मुलांच्या गटात, त्याने भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. उडी मारून झाली की तो मान वळवून मागे बघायचा, काठी पडली नाही याची खात्री करून घ्यायचा, आणि मगच पुढच्या कामाला लागायचा. व्यसन एकच, बटणांचं. जो माणूस मनापासून पटला त्याच्या कपड्यांचं बटण तो ओठांत हळूच धरायचा, तोडायचा आणि त्याच्याच पायाशी थुंकायचा. ज्याचं बटण शाबूत राहिलं त्याच्याबद्दल मुकादमचं मत फारसं बरं नाही असं समजावं.

मास्तर म्हणजे टेलर. घोडेस्वारीचे कोट आणि विजारी शिवणं हा त्यांचा धंदा. मैदानावरच्या निम्म्या लोकांचे कपडे त्यांच्या हातचे असल्यामुळे त्या निम्म्या लोकांच्या कमरेबद्दलचं सत्य एकट्या मास्तरांना ठाऊक होतं, आणि म्हणून सगळे त्यांच्याशी जपून बोलायचे. माणूस दारातून आत येईपर्यंत मास्तरांनी त्याचं माप नजरेने घेतलेलं असायचं. या बाबतीत त्यांची नजर कधी चुकली नव्हती. स्वतःच्या मुलीच्या बाबतीतही चुकली नव्हती, आणि हाच तर सगळा घोळ होता.

मुलीचं घरातलं नाव पिटू. पिटुकली होती म्हणून पिटू. मुकादम घरात आला, म्हणजे तबेल्यात आला, तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि हेल्मेट घातलं की हेल्मेटच चालत येतंय असं वाटायचं. आता ती तेरा वर्षांची होती आणि आत्याला मिठी मारताना आत्याच्या डोक्यावर हनुवटी टेकवायची. आत्याने हल्ली मिठी मारणं बंद केलं होतं.

मास्तरांनी हे सगळं पाहिलं होतं. पाहून त्यांनी काय केलं? विजारीच्या पायाला आतून भरपूर माया, म्हणजे दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवलेली होती. ती ते थोडी थोडी उसवत गेले. पिटू शाळेत गेली की विजार मशीनवर, टाके उसव, बोटभर खाली सोड, पुन्हा शिव, इस्त्री मार, खुंटीला लाव. पिटू यायची, विजार चढवायची, विजार घोट्यापर्यंत बरोब्बर यायची. जिची विजार आखूड होत नाही ती मुलगी वाढत नाही, असं मास्तरांचं म्हणणं होतं. अर्थात हे म्हणणं त्यांनी फक्त मशीनला सांगितलं होतं.

यात मास्तरांचा स्वार्थ होता, आणि तो घोड्याहून लहान नव्हता. पिटू घरात असली की तिच्या खोलीचं दार बंद असायचं. दारापलीकडून "जेवलीस का?" विचारलं तर "हं" यायचं, "शाळा कशी झाली?" विचारलं तर "हं" यायचं, "घराला आग लागलीय" असं एकदा प्रयोगादाखल सांगितलं तेव्हाही "हं"च आलं. पण आठवड्यातून तीन सकाळी मास्तर आपल्या जुन्या व्हॅनमधून तिला तबेल्यावर न्यायचे, आणि त्या वाटेवर ती बोलायची. मैत्रिणी, मैत्रिणींची भांडणं, गणिताच्या बाईंच्या मिशा, माणूस मेल्यावर त्याच्या पासवर्डचं काय होतं, काहीही. कारण व्हॅनमध्ये कितीही जोरात दार लावून घेतलं तरी बाबा आतच असतो. वाटेत एक रेल्वेचं फाटक होतं. ते बंद दिसलं की पुढच्या-मागच्या गाड्यांतले लोक कपाळाला हात लावायचे आणि मास्तर आनंदाने इंजिन बंद करायचे.

मुकादम गेला की तबेला गेला. तबेला गेला की व्हॅन गेली. व्हॅन गेली की राहिलं "हं". म्हणून मास्तर माया उसवत होते.

आणि मग पिटूच्या बुटाने काठी पाडली.

अगदी सगळ्यांसमोर पाडली. शेवटून दुसरी स्पर्धा, शेवटून दुसरा अडथळा. मुकादम चेंडूसारखा उसळला, चारही पाय पोटाशी घेतले आणि काठीवरून साफ पलीकडे गेला. पण त्याच्या पोटाखाली लोंबणारे पिटूचे दोन पाय काही पोटाशी घेतलेले नव्हते. त्यातला उजवा काठीला लागला. काठी खाली. मुकादमने सवयीप्रमाणे मागे वळून बघितलं, पडलेली काठी बघितली, आपले चार पाय बघितले, आणि मग पाठीवर बसलेल्या मुलीकडे अशा नजरेने बघितलं की प्रेक्षकांतल्या एका आजोबांनी तिच्या वतीने माफी मागितली.

परीक्षकांनी डोकी एकत्र केली. घोडा निर्दोष, मुलगी दोषी, असा प्रसंग त्यांच्यापुढे पहिलाच. शेवटी दोघं मिळून एकच, असं ठरलं आणि गुण कापले गेले. मुकादम त्या दिवशी जेवला नाही. म्हणजे जेवला, पण भिंतीकडे तोंड करून.

"मास्तर, बसा," कोचबाई म्हणाल्या. बसायला गवताचा गठ्ठा होता. मास्तर बसले. कोचबाईंचा आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, आणि जवळ बसलेल्या माणसासाठी त्या तो कमी करायच्या नाहीत.

"काठी कोणी पाडली?"

"वारा होता," मास्तर म्हणाले.

"वारा नव्हता. विका आता त्याला."

"काय?"

"मुकादमला."

"कोण?"

"माझ्या खांद्याकडे बघू नका, मास्तर! झोळ असेल तर असू दे. रविवारी शेवटची स्पर्धा. त्यानंतर हंगाम संपला की सगळे आपापली तट्टं विकायला काढतात, मग तुमच्या तट्टाला कुत्रं विचारणार नाही. आत्ता तो ऐन भरात आहे. आणि तुमची पोरगी त्याच्यावर बसली की घोड्यावर बसल्यासारखी दिसत नाही हो. घोडा घातल्यासारखी दिसते. तोही आखूड."

हे मात्र मास्तरांच्या वर्मी लागलं. आखूड हा शब्द त्यांच्या दुकानात कोणी उच्चारत नसे. ते गवताची काडी चावत हळू आवाजात म्हणाले, "थोडं सोडता येईल का?"

"काय सोडता येईल?"

"म्हणजे... रिकिबी वर घेऊन?"

"आणखी वर घेतल्या तर तिचे गुडघे कानाला लागतील. विका."

पुढचे काही दिवस मास्तर विकायला अगदी तयार होते, फक्त वेळ योग्य नव्हती. सोमवारी मुकादमला नुकतेच नवे नाल ठोकले होते, आणि नव्या चपला घालून कोणी घर सोडून जातं का? मंगळवारी तो शिंकला. शिंकणारं जनावर दुसऱ्याच्या गळ्यात मारणं मास्तरांच्या तत्त्वात बसत नव्हतं. संध्याकाळी त्याच्या शेजारची घोडी उदास दिसली. बुधवारी मास्तरांच्या बायकोने जेवताना ताट बाजूला सारलं आणि विषय समोर घेतला.

ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. माणसांबद्दल तिचं मत हाडांपासून सुरू व्हायचं.

"पिटू अजून वाढणार आहे," ती म्हणाली.

"विजार तर बरोबर होतेय."

"अरे, तू कपडे बघतोस, मी हाडं बघते. गेल्या वर्षी ती पडली तेव्हा मनगटाचा एक्स-रे मीच काढला होता. वाढ शिल्लक आहे. भरपूर."

"किती?"

"दरवाजा रुंद नाही, उंच करावा लागेल इतकी. जाहिरात टाक."

मास्तरांनी जाहिरात टाकली. मैदानाच्या फलकावर आणि घोडेवाल्यांच्या ग्रुपवर. बायकोने वाचून न बघता "छान" म्हटलं, ही तिची चूक. जाहिरात अशी होती : "स्पर्धेचे तट्टू योग्य कुटुंबास देणे आहे. ठेंगण्या घराण्यास प्राधान्य. येताना आई-वडील व शक्य असल्यास दोन्हीकडचे आजी-आजोबा सोबत आणावेत. मापे घेतली जातील."

मास्तरांचं म्हणणं साधं होतं. आज ज्या मुलाला मुकादम बसतो तो उद्या वाढणार, मग त्याचे आई-बाप मुकादमला पुन्हा विकणार, मग तिसरं घर, मग चौथं. हा काय दिवाळखोर माणसाचा कोट आहे दारोदार फिरायला? द्यायचा तर अशा मुलाला, जे वाढणार नाही. असं मूल सापडेपर्यंत मुकादम इथेच. असं मूल जगात कुठेही नाही याची मास्तरांना पूर्ण खात्री होती, आणि त्या खात्रीवर ते दोन रात्री शांत झोपले.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक बाई आणि त्यांचा मुलगा. मुलगा बेताचा होता. बाई व्हॉलीबॉल खेळायच्या. मास्तरांनी बाईंकडे वर बघितलं, आणखी वर बघितलं, आणि मान दुखायला लागली तेव्हा खाली येऊन मुलाचं मनगट हातात घेतलं. शर्ट कोरा होता, तरी मनगट बाहीच्या बाहेर आलेलं. मास्तरांनी इंची टेप गळ्यातून काढली, कोपरापासून मनगटापर्यंत लावली, मग बुटांकडे बघितलं, आणि जड मनाने बाईंना बाजूला घेतलं.

"सॉरी, ताई. दीड वर्ष. फार तर."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "कोणाचं?"

"मुलाचं. आणि खरं सांगू, त्यातलीही शेवटची सहामाही कठीण जाईल."

बाईंनी मुलाला छातीशी धरलं आणि त्या तडक डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी मुलगा ठणठणीत असल्याचं सांगितलं, मग बाईंनी फोन करून मास्तरांना जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मास्तरांनी टेप गुंडाळली. आपण एका मोठ्या संकटातून मुकादमला वाचवलं असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या गिऱ्हाइकाचा मुलगा खरोखर लहान होता, बापही लहान होता, मास्तरांना काहीच खोट सापडेना. त्यांनी दुपारी बायकोला दवाखान्यात फोन लावला. "ऐक ना, एका पोराच्या मनगटाचा फोटो काढून देशील? नुसतं मनगट. घोड्यासाठी हवंय."

"गिऱ्हाइकांच्या पोरांना मी मशीनखाली घालणार नाही!" बायको ओरडली. "आणि फोन ठेव, माझ्यासमोर एक माणूस श्वास रोखून उभा आहे!"

सुदैवाने तेवढ्यात मुलाच्या बापाने अभिमानाने खिशातून घरच्यांचा फोटो काढून दाखवला. मागच्या रांगेत आजोबा होते. आजोबांचं डोकं फोटोत मावलं नव्हतं. मास्तरांनी फोटो परत केला आणि त्यांना चहा पाजून रवाना केलं.

पिटू हे सगळं कुंपणावर बसून बघत होती. कुंपणावर बसली तरी तिचे पाय जमिनीला टेकत होते.

शुक्रवारी ते आले.

एक छोटीशी गाडी मैदानाच्या फाटकातून आत आली. गाडी लांबून रिकामी दिसत होती, आणि ती आपली आपणच येतेय असं वाटून तबेल्यातल्या दोघांनी खराऱ्याचे ब्रश खाली ठेवले. गाडी थांबली. दारं उघडली. आतून एक बाप उतरला, एक आई उतरली, एक आजी उतरली आणि सगळ्यांत शेवटी एक मुलगी उतरली. चौघांची डोकी एका ओळीत उभी केली असती तर त्यावर फळी ठेवून कपडे इस्त्री करता आले असते. मुलगी तेवढी फळीला पोचली नसती.

"जाहिरात वाचली आणि आम्ही घरात एकमेकांकडे बघत बसलो," बाप म्हणाला. तो घड्याळं दुरुस्त करायचा. "म्हटलं, ही आमच्याचसाठी दिलीय. आजवर कुठे आम्हाला प्राधान्य मिळालेलं नाही, मास्तर. सिनेमात सुद्धा मागे बसवतात."

मास्तरांनी गाडीत आणखी कोणी उंच उरलंय का ते वाकून बघितलं, कोणी नव्हतं. तरी त्यांनी टेप काढली. बापाचं माप घेतलं, आईचं घेतलं. मुलीचं नाव ठिपका होतं, म्हणजे घरात तिला ठिपका म्हणत. तिचं मनगट बाहीच्या आत खोल कुठेतरी होतं. ते शोधायला वेळ लागला.

"वाढतेय का?" मास्तरांनी आशेने विचारलं.

"कोण, ही?" आजी म्हणाल्या. "अहो, आमच्याकडे कोणी वाढत नाही. सासू वाढली नाही, मी वाढले नाही, माझा मुलगा तुमच्यासमोर आहे. मी तर आता कमी व्हायला लागलेय. मागच्या वर्षी घरच्या दरवाजाच्या बोल्टला माझा हात पोचायचा, आता स्टूल घेते."

"आईकडून?"

"आमच्याकडे तर विचारूच नका," ठिपकाची आई म्हणाली. "माझ्या भावाला अजून बागेत घसरगुंडीवर सोडतात."

"काका? आत्या? चुलत कोणी?" मास्तर आता घामाघूम झाले होते. "आठवून बघा. एखादा तरी उंच निघतो घरात."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. घड्याळवाला खाली बघून बुटाने माती उकरायला लागला.

"आहे एक," तो शेवटी म्हणाला. "मावसकाका. सहा फूट."

"हां!" मास्तर इतक्या जोरात ओरडले की मुकादमने कान टवकारले. "मग आधी का नाही सांगितलंत?"

"ते मावशीचे यजमान आहेत हो. लग्न होऊन आलेत. रक्ताचं नातं नाही," घड्याळवाला कळवळून म्हणाला. "आणि आम्ही त्यांना बसवूनच ठेवतो."

मास्तरांची टेप हातातून गळून पडली. ठिपकाने ती उचलली, तिला त्यासाठी फारसं वाकावं लागलं नाही. टेप परत देण्यासाठी ती मुकादमच्या पुढून गेली, आणि मुकादमने मान खाली घातली, तिच्या जॅकेटचं सगळ्यांत वरचं बटण ओठांत धरलं, तोडलं, आणि तिच्या पायाशी थुंकलं.

ठिपकाने बटण बघितलं. मुकादमकडे बघितलं. मग दुसरं बटण त्याच्यापुढे केलं.

पुढे जे झालं ते झपाट्याने झालं. ठिपका मुकादमवर बसली, आणि ती त्याला अशी बसली की मास्तरांचे हात आपोआप हवेत उठून खांद्याची शिवण तपासायला लागले. तपासायला काही नव्हतं. कुठे झोळ नाही, कुठे ताण नाही. मैदानात फेरी झाली, लहान उडी झाली, मोठी उडी झाली. मुकादमने मागे वळून बघितलं, काठी जागेवर, पाय जागेवर. तो समाधानाने फुरफुरला. तो आवाज मास्तरांनी वर्षभरात ऐकला नव्हता.

"उद्या सांगतो," मास्तर म्हणाले.

"उद्या का?" कोचबाईंनी मैदानाच्या त्या टोकावरून विचारलं.

"वेळ योग्य हवी!" मास्तर ओरडले आणि पिटूला घेऊन व्हॅनकडे चालायला लागले.

रेल्वेचं फाटक बंद होतं. मास्तरांनी इंजिन बंद केलं. पिटू बोलेना. मास्तरांनी गणिताच्या बाईंची चौकशी केली. पिटूने खाली वाकून आपल्या विजारीचा पाय दुमडला आणि आतली बाजू वर काढून मास्तरांच्या नाकासमोर धरली. त्यासाठी तिला पाय डॅशबोर्डवर ठेवावा लागला, आणि तो काचेपर्यंत गेला.

"हे काय आहे, बाबा?"

विजारीच्या पायावर जुन्या टाक्यांच्या भोकांच्या ओळी होत्या. एकाखाली एक. कितीही इस्त्री मारली तरी सुईची भोकं जात नाहीत, हे मास्तर स्वतःच नव्या कारागिरांना शिकवायचे.

"डिझाइन आहे," मास्तर म्हणाले.

"बाबा."

"कधीपासून माहितीये तुला?"

"पहिल्या ओळीपासून. मला वाटलं थांबशील. तू थांबेचनास. मग मला वाटलं, याला मुकादमला सोडवतच नाहीये बहुतेक, तर आपण तरी कशाला बोला. म्हणून मी गुडघे वर ओढून बसायला लागले. वर्ष झालं. घरात चालताना कुबड काढून चालते. आईने मला कॅल्शियम सुरू केलं, बाबा! कॅल्शियमने मी आणखी वाढले!"

मास्तर फाटकातून जाणारे डबे मोजायला लागले. मालगाडी चालली होती आणि ती संपत नव्हती.

"म्हणजे तू माझ्यासाठी बसत होतीस?"

"मग? आणि तू?"

मास्तरांना सांगायचं होतं की मी मुकादमसाठी नाही, या व्हॅनसाठी. या फाटकासाठी. पण तेरा वर्षांच्या मुलीला असं काही सांगितलं की ती खिडकीतून उडी मारते, असं त्यांनी ऐकलं होतं. म्हणून ते म्हणाले, "मला जनावरं आवडतात."

"मुकादम तुझं बटण कधीच तोडत नाही पण."

"माझी बटणं पक्की असतात!" मास्तर दुखावून म्हणाले. "तीनपदरी दोऱ्याने लावतो मी!"

पिटू हसायला लागली. मास्तरही हसायला लागले. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला, कारण फाटक केव्हाच उघडलं होतं आणि हे दोघं स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होते. मास्तरांनी हात बाहेर काढून त्याला पुढे जायची खूण केली, तो गेला, त्याच्या मागचाही गेला, आणि फाटक पुन्हा बंद झालं.

"आजच देऊन टाकू," पिटू डोळे पुसत म्हणाली. "म्हणजे रविवारी ठिपका खेळेल. तो ऐन भरात आहे, बाबा. माझ्यामुळे भिंतीकडे तोंड करून जेवतो तो."

"आज?"

"आज. आणि ऐक, मी ठरवलंय. मी कोचबाईंकडे मदतीला जाणार. लहान मुलांना शिकवायला. सायकलने जाईन मी, त्या नव्या पुलावरून. माझी मैत्रीण पण येणार आहे. तुला आता पहाटे उठायला नको, गाडी काढायला नको, काही नको." तिने प्रेमाने मास्तरांचा दंड दाबला. "सुटलास तू!"

"वा," मास्तर म्हणाले. दाढ उपटल्यावर ती फुकट घरी न्यायला मिळाली की माणूस ज्या आवाजात वा म्हणतो, त्या आवाजात.

फाटक उघडल्यावर त्यांनी व्हॅन वळवली.

ठेंगणी मंडळी अजून मैदानावरच होती. मुकादमने दरम्यान ठिपकाच्या जॅकेटची सगळी बटणं उतरवली होती आणि आता आजींच्या स्वेटरकडे वळला होता. मास्तरांनी लगाम घड्याळवाल्याच्या हातात दिला. पिटूने मुकादमच्या कपाळावर कपाळ टेकवलं, त्यासाठी तिला गुडघ्यांवर बसावं लागलं. मास्तरांच्या डोळ्यांत गवत गेलं. शनिवारी त्यांनी ठिपकाचा स्पर्धेचा कोट शिवायला घेतला तेव्हा आजी दुकानात येऊन बजावून गेल्या, "माया ठेवू नका हो, कापड वाया जाईल." मास्तरांनी मान डोलावली आणि चार बोटं ठेवली.

रविवारी ठिपका आणि मुकादम एकही काठी न पाडता आले. कुबड न काढता उभी राहिलेली पिटू कुंपणापाशी टाळ्या वाजवत होती, आणि तिच्या मागच्या रांगेतले लोक "बाई, जरा बसा ना" म्हणत होते. संध्याकाळी ती मैत्रिणीबरोबर सायकलवरून घरी आली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"जेवणार ना?" मास्तरांनी दाराबाहेरून विचारलं.

"हं."

मास्तर दुकानात जाऊन बसले. मशीनवर टाकायला आता पिटूची विजार नव्हती. सोमवारी सकाळी घोडेस्वारी स्पर्धा समितीच्या कार्यालयात एक पाकीट पोचलं. समितीच्या सचिवांनी ते तीनदा वाचलं, चौथ्यांदा शिपायाला वाचून दाखवायला लावलं, आणि मग फायलींच्या कपाटाच्या वर, जिथे शिडीशिवाय कोणाचा हात पोचत नाही, तिथे ठेवून दिलं. मजकूर असा होता :

"प्रति, मा. सचिव, स्पर्धा समिती. विषय : पुढील हंगामापासून 'वडील गट' सुरू करणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, आपल्या स्पर्धांमध्ये लहान मुलांची, मोठ्या मुलांची व मोठ्या घोड्यांची उत्तम सोय आहे. मात्र ज्यांची मुले लहान गटातून निघून गेली, अशा वडिलांची कोणतीही सोय आढळत नाही. करिता चाळिशी ओलांडलेल्या वडिलांसाठी लहान तट्टूंचा स्वतंत्र गट सुरू करण्यात यावा. उडी घेताना स्वाराचे पाय जमिनीस लागल्यास ते तट्टूचेच पाय समजण्यात यावेत. तट्टू दुसऱ्याच्या मालकीचे असल्यास मालकाची संमती समितीने परस्पर घ्यावी, अर्जदारास ते विचारणे अवघड जाते. प्रत्येक स्पर्धक वडिलांसोबत मदतनीस म्हणून स्वतःची एक मुलगी असणे सक्तीचे करावे. सदर मदतनिसाने सरावास सायकलने न येता वडिलांच्याच वाहनातून यावे, कानात काहीही घालू नये, व येता-जाता बोलावे. विषयाचे बंधन नसावे. मदतनिसाची उंची कोणत्याही टप्प्यावर मोजण्यात येऊ नये.

तरी या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, आणि मंजुरीचा आदेश अर्जदाराच्या नावे न काढता थेट अर्जदाराच्या कन्येच्या नावे काढून, बंद दाराखालून सरकवता येईल अशा बेताच्या आकाराच्या कागदावर, आठ दिवसांच्या आत पाठवण्यात यावा, ही विनंती."